घड्याळाच्या हाताला नावे

आमच्या कॉलेजात बी.कॉम. पहिल्या वर्षाच्या वर्गाबाहेर त्या वर्षी रोज एक चपलांचा जोड असायचा. चामड्याच्या, टाचेला झिजलेल्या आणि भिंतीला अगदी काटकोनात लावून ठेवलेल्या. नव्यानं लागलेल्या शिपायाला पहिले दोन दिवस वाटलं, की आत पूजा चाललीय. तो दाराशी थांबून हात जोडून जायचा.

आत पूजा नव्हती. आत माझा फायनान्शियल अकाउंटिंगचा तास असायचा, आणि पहिल्या बाकावर मन्मथअप्पा बसलेले असायचे. वय त्रेसष्ट. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, डोक्यावर पांढरी टोपी, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, डाव्या मनगटावर मोठ्या तबकडीचं घड्याळ आणि मांडीवर लाल फडक्यात बांधलेलं एक गाठोडं. लातूरच्या आडत बाजारात एका पेढीवर त्यांनी चाळीस वर्षं मुनीमकी केली होती. गादीवर चप्पल घालून बसत नाहीत, मग वर्गात कसं बसायचं? "मॅडम, हिशेब लिहायची जागा हाय ही," ते मला म्हणाले, "तुम्ही सँडल घालून शिकवायलाव, ते तुमचं तुम्ही बगा."

हजेरीला सगळा वर्ग "येस मॅडम" म्हणायचा. अप्पा उभे राहून, हात जोडून, लिंगायतांच्या नमस्काराप्रमाणं "शरणार्थ" म्हणायचे. आठवड्याभरात मागच्या बाकावरची पोरंही "शरणार्थ मॅडम" म्हणायला लागली, आणि मला हजेरी घेताना मठात बसल्यासारखं वाटू लागलं.

आता थोडं माझ्याबद्दल. मी मूळची लोह्याची, लातूरला तासिका तत्त्वावर शिकवते. त्या वर्षी माझं वय होतं बत्तीस आणि जीभ होती नको तेवढी तेज. माझी आई म्हणायची, "ही घरातून निघायच्या आधी हिची जीभ निघते." आईचं म्हणणं मी तेव्हा कौतुक समजत होते.

अप्पांनी पहिल्याच दिवशी वर्गाला आपला उद्देश सांगून टाकला. बारावी त्यांनी जुन्या काळीच केली होती. प्रवेशाच्या नियमात वयाची अट नाही, हे त्यांनी कलमासकट पाठ करून आणलं होतं. "मला डिग्री नको, नोकरी नको. हा एक पेपर पास व्हायचा हाय. तेबी पहिल्या झटक्यात."

"एकच पेपर कशाला अप्पा?" मी विचारलं.

"काम हाय."

बाकीच्या विषयांशी त्यांचं देणंघेणं नव्हतं. इंग्रजीच्या तासाला ते बाहेर लिंबाखाली बसून सुपारी कातरायचे. माझ्या तासाला मात्र घंटेच्या आधी दहा मिनिटं हजर. आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला उभं केलं.

मी फळ्यावर खात्याचा नमुना काढला. मधे उभी रेघ, डावीकडं नावे म्हणजे डेबिट, उजवीकडं जमा म्हणजे क्रेडिट. जगभरचं पुस्तक असंच सांगतं. अप्पा उठले.

"मॅडम, बाजू चुकली."

"काय चुकलं?"

"जमा डावीकडं. नावे उजवीकडं. घाईत उलटं झालं बगा."

वर्ग खूश. मी समजावलं, की देशी वहीखात्यात तसं असेल, पण आपल्याला जी पद्धत शिकायचीय तिच्यात नावे डावीकडंच. अप्पांनी घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याच्या जमा हा नियम माझ्याआधी म्हणून दाखवला. त्यात तसूभर चूक नव्हती. फक्त बाजू उलट. "मेळ बसतो का मॅडम? दोन्हीकडची बेरीज सारखी येती का? येती. मंग?" हे त्यांचं पालुपद. कुठल्याही प्रश्नाच्या शेवटी ते "मेळ बसला का?" विचारायचे, आणि त्यांचा मेळ नेहमी बसलेला असायचा. पोरं कॅल्क्युलेटर काढेपर्यंत अप्पांनी बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवून बेरीज सांगितलेली असायची.

पुढं ताळेबंद आला. पुस्तकातल्या ताळेबंदात देणी डावीकडं आणि मालमत्ता उजवीकडं असते. अप्पांचा चेहरा फुलला. "हे बगा! इथं आलं की न्हाई देणं डावीकडं? तुमचं पुस्तकच एका बाजूला न्हाई." मी "तशी पद्धत आहे" म्हणाले. शिक्षकाला काही सुचलं नाही, की पद्धत असते.

त्यांची आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. अप्पा खाडाखोड करत नसत. पेनच्या चुकीवर पांढरी शाई लावणारी पोरं पाहिली, की ते डोळे मिटून घ्यायचे. "वहीत रेघ मारून खोडणं म्हंजे बेइमानी. चूक झाली तर चूक ऱ्हाऊ द्यायची. खाली दुसरी नोंद करायची, की वरचं चुकीनं लिहिलं, खरं असं हाय. तारीख टाकायची. एक साक्षीदार घ्यायचा." आणि ते खरंच तसं करायचे. एकदा गृहपाठात सातच्या जागी नऊ पडला. अप्पांनी खाली रीतसर दुरुस्ती लिहिली आणि शेजारच्या बाकावरच्या मुलीची सही घेतली. ती अठरा वर्षांची पोर. सही करताना म्हणाली, "अप्पा, मला कोर्टात तर जावं लागणार न्हाई ना?"

मांडीवरचं लाल गाठोडं मात्र त्यांनी कधी सोडलं नाही. पोरांची पैज होती, की आत पेढीची जुनी वही आहे. मला वाटायचं, म्हाताऱ्याला सवय सुटत नाही, दुसरं काय.

मग अंतर्गत परीक्षा झाली. वीस गुणांची. अप्पांचा पेपर पाहून मी कपाळावर हात मारला. अक्षर मोत्यासारखं, एकही बेरीज चुकलेली नाही, आणि झाडून सगळी खाती उलटी. जमा डावीकडं, नावे उजवीकडं. तीन महिने शिकवल्यावर. मी चिडले. विद्यार्थी चुकला की शिक्षकाला राग येतो, पण बरोबर येत असताना चुकला की अपमान वाटतो. मी त्यांना दोन गुण दिले, तेही अक्षराचे.

पेपर परत करताना मी वर्गासमोर म्हणाले, "अप्पा, तुमच्या हाताखाली एखादं लेकरू शिकलं असतं ना, तर बिचारं हमखास नापास झालं असतं!"

वर्ग खदखदून हसला. अप्पा उभे राहिले. पेपराकडं बघत म्हणाले, "झालंय मॅडम."

त्यावर वर्ग आणखी हसला. मीही हसले. मला वाटलं, काय हजरजबाबी म्हातारा आहे.

दुसऱ्या दिवशी वर्गाबाहेर चपला नव्हत्या. तिसऱ्या दिवशीही नव्हत्या. हजेरीत त्यांचं नाव आलं, की पोरं दाराकडं बघायची. आठव्या दिवशी शिपायानंच विचारलं, "मॅडम, ते अप्पा गेले का काय?" तेव्हा मला पहिल्यांदा ते "झालंय मॅडम" नीट ऐकू आलं. विनोद करणाऱ्या माणसाचा आवाज तसा नसतो.

मी पत्ता काढून त्यांच्या घरी गेले. गंजगोलाई बाजाराच्या मागं एका गल्लीत दोन खोल्या. बायको चार वर्षांपूर्वी गेलेली, मुलगा पुण्याला. अप्पा जमिनीवर पाट मांडून, माझेच प्रश्न पुन्हा पुन्हा सोडवत बसले होते. बाजूला पंधरा-वीस कागद पडलेले. सगळे उलटे.

"डोक्याला कळायलंय मॅडम," ते म्हणाले, "हात ऐकत न्हाई. चाळीस साल एका बाजूला गेलाय, आता वळत न्हाई."

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला. "खरं तेच बोललाव तुम्ही." आणि त्यांनी ते लाल फडकं सोडलं.

आत पेढीची वही नव्हती. दोनशे पानी कॉलेजची वही होती, कोपरे पिवळे पडलेले. पहिल्या पानावर मुलीच्या गोल अक्षरात नाव: महानंदा. खाली, बी.कॉम. प्रथम वर्ष.

"माझी लेक. आता नायगावला असती. बँकेत लागायचं लई मनात होतं तिच्या."

मी पानं उलटली. सुरुवातीची खाती अगदी पुस्तकाप्रमाणं, नावे डावीकडं. मग एका पानापासून लाल पेन्सिल सुरू झाली. प्रत्येक खात्यावर फुली. डावीकडचं उजवीकडं नेणारे बाण. बाजूला अप्पांचं ते मोत्यासारखं अक्षर: बाजू उलटी, नीट लिही. त्यापुढच्या पानांवर पोरीनं सगळं बापाच्या सांगण्याप्रमाणं लिहिलं होतं. सगळं चूक.

"रोज पेढीवरून आलो की शिकवायचो. दोन महिने. म्हटलं, मुनीमाची लेक हाय, हिला मास्तर काय शिकवणार? ती एकदा म्हणली, 'अप्पा, कॉलेजात आसं सांगत न्हाईत.' मी म्हटलं, 'कॉलेजवाल्यांनी कधी पेढी बगितली का?' तिनं ऐकलं. परीक्षेत तसंच लिहिली. नापास झाली."

त्यांनी वही माझ्या हातातून घेऊन फडक्यावर काटकोनात ठेवली.

"बाजारात लोक हसले. मुनीमाची पोर हिशेबात नापास. मी तिला नको नको ते बोललो मॅडम. महिनाभर बोललोच न्हाई. कॉलेज बंद केलं. दिवाळीच्या आत नायगावचं स्थळ बगून लगीन लावून दिलं. चोवीस साल झाले. ती एक शब्द बोलली न्हाई."

मुनीमकीच्या अगदी शेवटी पेढीवर कॉम्प्युटर आला, नवी शिकलेली मुलगी हिशेबाला आली, तेव्हा तिच्या छापील कागदावर अप्पांनी नावे डावीकडं पाहिलं. बाजू चुकली म्हणून ते तिच्यावरही डाफरले. तिनं हसत हसत आपलं पुस्तक दाखवलं. त्या दिवशी घरी येऊन अप्पांनी माळ्यावरून ही वही काढली. मुनीम कुठलीच वही टाकून देत नाही.

"जल्मात एकदाच खाडाखोड केली मी," ते म्हणाले, "ती बी जिथं पोरीचं बरोबर होतं तिथं."

आता त्यांना तो पेपर का पास व्हायचा होता, ते मला कळलं. नुसतं जाऊन चूक झाली म्हणणं त्यांना पटत नव्हतं. जो पेपर आपल्यामुळं पोरीचा गेला, तो तिच्या पद्धतीनं, तिच्या बाजूनं लिहून पास व्हायचं, मगच तिच्या दारात जायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. आणि मी भर वर्गात त्यांच्या वर्मावर बोट ठेवून हशा मिळवला होता. त्या दिवशी घरी येताना मला माझ्याच जिभेची किळस आली.

दुसऱ्या दिवसापासून मी कॉलेज सुटल्यावर त्यांच्याकडं जाऊ लागले. नियम समजावण्यात अर्थ नव्हता, नियम त्यांना माझ्यापेक्षा जास्त येत होते. प्रश्न हाताचा होता. शेवटी मीच म्हणाले, "अप्पा, घड्याळ कुठल्या हातात आहे?"

"डाव्या."

"मग घड्याळाच्या हाताला नावे. बाकी सगळं विसरा."

हे त्यांना पटलं. खातं लिहायच्या आधी ते घड्याळाकडं बघायचे, ओठातल्या ओठात "नावे" म्हणायचे आणि मग पेन टेकवायचे. विद्यापीठाच्या परीक्षेत ते इतक्या वेळा घड्याळ बघत होते, की पर्यवेक्षक दोनदा येऊन म्हणाले, "काका, घाबरू नका, अजून लई वेळ हाय." चपला त्या दिवशीही बाहेर होत्या, भिंतीला काटकोनात. पेपर सुटला तेव्हा मी दारातच उभी होते. अप्पांनी चपला घातल्या आणि मला नुसतं घड्याळ दाखवलं.

सत्राचा निकाल लागला. अकाउंटिंगमध्ये प्रथम श्रेणीचे गुण. इंग्रजीत नापास, अर्थशास्त्रात नापास, एकूण निकाल नापास. अप्पा पेढे घेऊन ऑफिसात हजर. क्लार्क बिचारा गोंधळला. "अप्पा, तुम्ही तर नापास झालाव की!"

"बाकीच्या खात्यांशी आपला व्यवहारच न्हाई," अप्पा म्हणाले, "तुम्ही पेढा घ्या."

नायगावला जाताना त्यांनी मला बरोबर घेतलं. दुरुस्तीच्या नोंदीला साक्षीदार लागतो, हा त्यांचा कायदा. शिवाय, "तुमचं लोहा वाटंतच हाय की." आम्ही लातूरहून एस.टी.नं नांदेडला गेलो आणि तिथून नायगावची गाडी धरली. अप्पांनी वाटेत काय बोलायचं ते तीनदा म्हणून पाहिलं. पहिल्यांदा मोठं होतं, मग लहान झालं, शेवटी नुसतं "नंदा, माझं चुकलं" एवढंच उरलं.

महानंदाताईंच्या नवऱ्याचं पाइप आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान, मागं घर. ताई त्रेचाळीसच्या असतील. बाप असा अवचित आलेला बघून घाबरल्याच. "काय झालं अप्पा? तब्येत बरी हाय ना?" अप्पांनी माझी ओळख करून दिली. मग पाणी झालं, चहा झाला. अप्पा सोयाबीनच्या भावाबद्दल बोलले. नांदेडच्या रस्त्याबद्दल बोलले. जावयाच्या गुडघ्याची चौकशी केली. अर्धा तास गेला, तरी ते "नंदा, माझं चुकलं" काही तोंडातून निघेना. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका दाखवण्यात गेलेला माणूस, त्याला हे वाक्य जडच जाणार. शेवटी त्यांनी पिशवीतून गुणपत्रिका काढली आणि लेकीच्या हातात दिली.

ताईंनी ती वाचली. वरून खाली, पुन्हा वरून. त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. मान वर न करता त्यांनी हळूच विचारलं,

"अप्पा, डावीकडं काय लिहिलाव?"

अप्पांनी घड्याळाकडं पाहिलं. सवयीनंच.

"नावे," ते म्हणाले.

आणि मग त्यांच्या लक्षात आलं. माझ्याही आलं.

"तुला ठावं होतं, मीच उलटं शिकवलं म्हणून?"

"निकाल लागला त्याच दिवशी तवाच्या मॅडमनी मला पेपर दाखवला होता."

"मंग बोलली का न्हाईस ग? मी तुला इतकं बोललो, तरी?"

ताई गुणपत्रिकेची घडी घालत होत्या, उलगडत होत्या. "सगळा बाजार म्हणायचा, मन्मथअप्पासारखा मुनीम न्हाई. लोक आधीच हसायले होते. त्यात मी कसं म्हणू, की अप्पालाच येत न्हाई म्हणून? आईला सांगितलं होतं. ती लई रडली. मीच तिला शपथ घातली."

आईला ठाऊक होतं, हे अप्पांना त्या दिवशी कळलं. ती बाई वीस वर्षं त्यांना जेवायला वाढत राहिली आणि गप्प राहिली. अप्पांनी डोळ्यांना लावायला टोपी काढली. मी खिडकीकडं बघत बसले. साक्षीदारानं काय करायचं असतं, ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

मग अप्पांनी लाल फडकं सोडलं. लाल पेन्सिलीच्या शेवटच्या पानावर, खाली त्यांनी निघायच्या आधीच शाईनं लिहून आणलं होतं: वरील दुरुस्त्या चुकीने केल्या. महानंदाचे बरोबर होते. खाली तारीख, त्यांची सही. त्यांनी पेन माझ्या हातात दिलं. मी सही केली, आणि सहीखाली तारीख टाकली.

ताईंनी वही छातीशी धरली, पण वाचली नाही. निघताना दुकानातून जावं लागलं. गल्ल्याशेजारी रोजच्या व्यवहाराची वही उघडी होती, ताईंच्या गोल अक्षरात. अप्पा थांबले. मीही पाहिलं. जमा डावीकडं, नावे उजवीकडं.

"जी.एस.टी.चं सगळं कॉम्प्युटरवर करून देतात," ताई म्हणाल्या, "पण घरची वही मी तुम्ही शिकवलेलीच लिहिते. तीच हातात बसलीय."

परतीच्या गाडीत अप्पा खिडकीशी बसले होते. मला वाटलं, आता त्यांच्या मनावरचं ओझं उतरलं असेल. त्यांना हलकं वाटावं म्हणून मी त्यांचंच पालुपद वापरलं. "मग अप्पा, मेळ बसला का?"

माझ्या जिभेनं त्या वर्षात दुसऱ्यांदा घाई केली.

"नोंद झाली मॅडम," ते म्हणाले. "मेळ न्हाई बसला. तिचे चोवीस साल कुठल्या बाजूला लिहू, सांगा."

मी अकाउंटिंगची शिक्षिका. माझ्याकडं दोन पदव्या आहेत. या वेळी मी "पद्धत आहे" असंही म्हणाले नाही. लोहा आलं तसं अप्पांनीच मला हलवलं. "उतरा मॅडम, गाव आलं तुमचं. घरी वडलांना शरणार्थ सांगा."

मी उतरले. गाडी निघाली तेव्हा अप्पा खिडकीत दिसले. ते डाव्या मनगटावरचं घड्याळ सोडून उजव्या हाताला, ताईंच्या वहीतल्या नावेच्या बाजूला, बांधत होते.